पाटी खालून वाचायला शिकवणाऱ्या इंदूबाई

मंडळी, पुढच्यांनी जरा सरकून घ्या. मागं बाया उभ्या आहेत, त्यांना सतरंजीवर जागा होऊ द्या. हौ, असं. आता बसा.

इंदूबाईंना जाऊन आज दहा दिवस झाले. विहाराचा हा मंडप भरून रस्त्यापर्यंत माणसं उभी आहेत. वॉर्डातले लोक आहेत, राईस मिलच्या बाया आहेत, स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर आहेत. बैहरकडची माणसं तर सकाळच्या गाडीनं आली. बाईंचा मुलगा प्रमोद मला म्हणाला, ‘काका, तुम्ही बोला.’ मी म्हटलं, बापू, मी जन्मभर ओरडलो, बोललो कुठं?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी शामराव. बालाघाटच्या बसस्टँडवर पस्तीस वर्षं गाड्यांसाठी हाका मारल्या. बैहर, बैहर, बैहर! लालबर्रा-सिवनी! किरनापूर-लांजी, चला बसा! माझा आवाज रेल्वे फाटकापर्यंत जायचा. आज माईक हातात आहे, पण हाक मारणं वेगळं अन् बोलणं वेगळं. म्हणून लिहून आणलं. मध्येच थांबलो तर समजा, ओळ शोधून राह्यलो.

पण एक सांगतो. मी रडायला उभा नाही. बाई जिंकून गेल्या, मंडळी. पूर्ण जिंकून गेल्या. त्या कशा जिंकल्या ते सांगायचं आहे. आणि त्याआधी एकदा मी त्यांना कसं हरवलं होतं, तेही सांगायचं आहे. ते इथं फार थोड्यांना माहीत आहे.

बाई तुमसरकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या, अंगणवाडीत नोकरी केली, रिटायर झाल्या. दुसरं कोणी असतं तर अंगणात खाट टाकून बसलं असतं. बाईंनी याच विहाराच्या ओसरीवर वर्ग सुरू केला. गुरुवार आणि रविवार, दुपारी तीन वाजता. वर्गात कोण? बैहरच्या जंगलपट्टीतून मजुरीला आलेल्या गोंडी बोलणाऱ्या बाया. गोंदिया-भंडाऱ्याकडून सून होऊन आलेल्या आपल्या मराठी पोरी. घरात एक बोली, बाजारात दुसरी, आणि भिंतीवरची पाटी तिसऱ्याच भाषेत. त्या पाटीवरची हिंदी तर हिंदीवालेही बोलत नाहीत! बऱ्याच बायांना अक्षर येत होतं. पाटी येत नव्हती.

बाईंनी पुस्तक आणलंच नाही. दवाखान्याच्या खिडकीवरची सूचना उतरवून आणायच्या, राशन दुकानाची आणायच्या, नळाची आणायच्या. मी एकदा ओसरीच्या पायरीवर बसून ऐकलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं, सर्वसाधारण को सूचित किया जाता है, मग पाइपलाइन, मग सुधार कार्य, मग बुधवार को जल प्रदाय बाधित रहेगा, शेवटी खेद है. पाच ओळी. बाई म्हणाल्या, ‘आता सूप घ्या अन् पाखडा. कोंडा उडवा.’ बाया एकेक करून उठायच्या आणि हातानं शब्द पुसायच्या. एकीनं ‘सर्वसाधारण’ पुसला. एकीनं ‘खेद’ पुसला. ती म्हणाली, ‘याईले खेद असता तं पाणीच बंद केलं नसतं.’ सगळा वर्ग हसला. पुसता पुसता फळ्यावर काय उरलं? बुधवारी नळ नाही. बस!

बाई म्हणाल्या, ‘हे तांदूळ. हे घरी घेऊन जा.’

अशा शिकवायच्या.

आता मी आणि बाई. आमची थट्टा चालायची. त्या वर्गाला घेऊन स्टँडवर यायच्या. तिथं वेळापत्रकाचा एक मोठा निळा बोर्ड होता, जुना. त्याच्यासमोर बायांना उभं करायच्या. कोणती गाडी, कुठं जाते, केव्हा सुटते, वहीत उतरवा. मी चहाचा ग्लास घेऊन समोर उभा राहायचो.

मी म्हणायचो, ‘बाई, ह्या साऱ्या शिकल्या तं माह्या घशाले काम काय राहीन?’

त्या म्हणायच्या, ‘भाऊ, तुमच्या घशाले आराम राहीन. गुळण्या करा.’

मी म्हणायचो, ‘वाचून गाडी भेटत नाई बाई, इचारून भेटते.’

त्या म्हणायच्या, ‘पाहू.’

वर्गात फुलवंती होती. तिकडं बसली आहे ती, हिरव्या पदराची. उठू नको बेटा, बस. तिचा नवरा मिलमध्ये हमाल. तिची मुलगी रानी, तेव्हा पाच वर्षांची, तिला ऐकू येत नाही. कानाच्या मशीनसाठी, पुढच्या शाळेसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाहिजे होतं. त्यांचे कागद बैहरकडच्या गावचे, म्हणून बैहरच्या शिबिरात जायचं होतं. शिबिर एक दिवसाचं. दुपारी एकला टेबल बंद. फुलवंतीनं ठरवलं, मी कोणाला विचारणार नाही. मी वाचून जाईन. तिची तीच परीक्षा होती आणि बाईंचीही.

आदल्या दिवशी ती बोर्डासमोर आली. बोट फिरवत बैहरची ओळ शोधली. सव्वानऊ. वहीत लिहिलं. दोनदा तपासलं. माझ्याकडे पाहून हसली आणि गेली.

मंडळी, ती ओळ चूक होती. तो बोर्ड कोण्या काळचा होता! गाड्यांचे मालक बदलले, वेळा बदलल्या, बोर्ड तसाच लटकून राह्यला. सकाळची बैहर गाडी आठ चाळीसला सुटत होती. हे स्टँडवरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. मला माहीत नसेल? मीच तर हाक मारायचो!

मी बोललो नाही.

काहून बोललो नाही? मी स्वतःला फार वेळा विचारलं. थट्टा होती, असं आधी म्हणायचो. पण थट्टा नव्हती. मनात होतं, एकदा सुटू द्या गाडी, मग बाईंना कळेल की शामरावशिवाय स्टँड चालत नाही. पस्तीस वर्षं लोक माझं तोंड पाहत आले. दादा, लांजी कधी? भाऊ, सिवनी कुठं लागते? तेवढीच माझी इज्जत होती. ती त्या वहीत जाताना मला दिसली.

दुसऱ्या दिवशी फुलवंती नऊला आली. रानीला नवा फ्रॉक घातला होता. अंगठा लावणाऱ्या साऱ्या बाया आठपासून येऊन, विचारून, गाडीत बसून केव्हाच गेल्या होत्या. वाचणारी एकटी मागं राहिली. पुढची गाडी अकराला. बैहरचा घाट तुम्हाला माहीत आहे. पोचली तेव्हा दोन वाजायला आले होते. टेबलं उचलली होती, चादरी घडी करून ठेवल्या होत्या. पुढचं शिबिर तीन महिन्यांनी.

फुलवंतीनं वर्ग सोडला.

बाई तिच्या घरी गेल्या, मिलच्या मागच्या खोल्यांमध्ये. दारात तिची सासू बुधियाबाई. तिनं बाईंना बसा म्हटलं नाही. काय म्हणाली ते बाईंनीच मला नंतर सांगितलं. ‘हम तो अंगूठा छाप हैं, बाई. पर हमारी गाड़ी आज तक नहीं छूटी.’

बाई तशाच परत आल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी वर्गात सांगितलं, ‘म्हातारी खरं बोलली. माहीच चूक झाली. मी तुमाले वाचाले शिकवलं, कशावर भरोसा ठेवाचा हे नाई शिकवलं.’ त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच सूचना लिहिली आणि सगळ्यांना सांगितलं, आजपासून खालून वाचायचं. आधी तारीख. मग सही. तारीख जुनी असेल, सही नसेल, तर वरचं कितीही मोठ्या अक्षरात असो, तोंड फिरवा. तारीख चांगली असेल तर वर चढा.

आणि मग त्या स्टँडवर आल्या. एकट्या. मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

म्हणाल्या, ‘भाऊ, तुमाले माहीत होतं?’

मंडळी, खोटं बोलायला किती वेळ लागतो? पण त्यांच्या डोळ्याकडे पाहून जमलं नाही. मी म्हटलं, ‘हौ.’

‘ती लिहीत होती तेव्हा पाह्यलं तुम्ही?’

‘हौ.’

एक लांजी गाडी आली, भरली, निघाली. मी हाक मारली नाही. मग त्या म्हणाल्या, ‘गाड्या तुमाले पाठ आहेत. अक्षर आमाले येते. गुरुवारी तीन वाजता या.’

मला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या सोप्या असतात. गुरुवारी तीन वाजता बायांच्या मागं, भिंतीला टेकून, साठीचा माणूस पाटी-पेन्सिल घेऊन बसला, ते फार अवघड होतं. मला वाचता येत होतं. गाड्यांच्या काचेवरच्या पाट्या पाहून पाहून शिकलो होतो, शाळा नाही. पण लिहायला हात वळत नव्हता. माझा ‘ब’ पाहून एक पोरगी म्हणाली, ‘दादा, तुमच्या ब चं पोट सुटलं.’ मी म्हटलं, ‘बैहरचा ब आहे, पोरी, फुल भरून सुटते.’

पुढं महिनाभर काय झालं हे स्टँडवाल्यांनी पाहिलं आहे. दररोज दोन-दोन बाया पिंपळाखालच्या बाकावर बसायच्या. सकाळी दोन, दुपारी दोन. कामावरून वेळ काढून. हातात वही. गाडी लागली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची. मालक सांगतो ती वेळ वेगळी लिहायची, खरी सुटते ती वेगळी. एक कंडक्टर, तो पाहा मागं हसून राह्यला, तो आपल्या ड्रायव्हरला म्हणाला, ‘अरे चल लवकर, आरटीओच्या बाया बसल्या आहेत!’ त्या महिन्यात गाड्या जितक्या वेळेवर सुटल्या, तितक्या माझ्या पस्तीस वर्षांत सुटल्या नव्हत्या.

हाका मारणारे माझे सोबती मात्र चिडले. म्हणाले, ‘शामराव, आपल्याच पोटावर पाय? बोर्ड खरा झाला तं कोन इचारन आपल्याले?’ हा प्रश्न तर माझ्याच पोटातून निघालेला होता. मी म्हटलं, ‘बावा, लेकरू घेऊन एक बाई नऊ वाजता इथं उभी होती. तिचं तोंड मी पाह्यलं. तुम्ही पाह्यलं असतं तं तुम्हीही वही घेतली असती.’

नवा बोर्ड झाला. पत्रा मिलवाल्यानं दिला, पाट्या रंगवणाऱ्यानं फक्त रेघा आखून दिल्या. अक्षरं बायांनी काढली. तिरपी आहेत, हौ. लांजीचा ‘ल’ जरा झोपला आहे. पण वेळ खरी आहे. शेवटी खाली जागा उरली. ‘तपासले’ म्हणून तारीख आणि सही करायची होती. मी ब्रश बाईंच्या हातात दिला. त्यांनी घेतला नाही.

म्हणाल्या, ‘सही तुमची.’

मी म्हटलं, ‘बाई, माही काहून? मी तं...’

‘म्हणूनच. ज्याले माहीत राहते, त्यानंच खाली नाव टाकाव. आता चुकला तं लोक तुमाले धरतीन. दर महिन्याच्या एक तारखेले तपासा, तारीख बदला.’

मंडळी, कोर्टात शिक्षा होते, पंचायतीत होते. मला बाईंनी ही शिक्षा दिली. माझं नाव पहिल्यांदा कुठं लिहिलं गेलं असेल तर त्या बोर्डाच्या खाली. आणि खरं सांगू? नंतर लोकांनी मला विचारणं बंद केलं नाही. आता विचारतात, दादा, दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचं, हा कागद काय म्हणतो. पहिले फक्त माझा आवाज लागायचा. आता माझी सही लागते.

पण बोर्ड झाला म्हणून बाई जिंकल्या, असं मी म्हणणार नाही. फुलवंती अजून घरीच होती.

तीन महिने झाले. शिबिराची तारीख आली. बाई पुन्हा तिच्या दारात गेल्या. या वेळी सासूला म्हणाल्या, ‘अम्मा, तुम्ही सोबत जा. तुम्ही विचारा, ती वाचेल. पाहू कोण पोचतं.’ बुधियाबाईला हे पटलं. हार-जीत म्हटली की म्हातारीच्या अंगात जोर येतो. आताही पाहा, मान डोलावून राह्यली!

सकाळी आठला तिघी स्टँडवर. फुलवंती बोर्डापुढं आली. आधी वाकली. खाली पाहिलं. तारीख, सही. मग वर गेली. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘दादा, आठ चालीस. सही है ना?’ मी म्हटलं, ‘बेटा, खाली कोणाचं नाव आहे?’ ती हसली नाही. तिनं वाचलं, ‘शामराव.’ मग म्हणाली, ‘तो फिर ठीक है.’

माझ्यासाठी त्या चार शब्दांत सगळं होतं. मी वळून, तोंडावर रुमाल फिरवून, जोरात हाक मारली.

बैहरला काय झालं ते बुधियाबाईनं परतीच्या गाडीत साऱ्या प्रवाशांना सांगितलं, म्हणून ते आम्हाला माहीत झालं. शिबिराच्या फाटकाला कुलूप होतं. बाहेर दहा-पंधरा माणसं लेकरं घेऊन बसलेली. बुधियाबाईनं चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘बैठो अम्मा, खुलेगा.’ अम्मा बसली. मांडी घालून बसली. फुलवंती बसली नाही. फाटकाच्या बाजूला एक कागद चिकटवला होता, वाऱ्यानं अर्धा उलटलेला. तिनं तो हातानं दाबून धरला. खालून वाचायला लागली. तारीख कालची. सही आहे, शिक्का आहे. मग वर. पाच ओळी. तिनं पाखडल्या. काय उरलं? शिबिर शाळेच्या इमारतीत. टोकन बारापर्यंत.

ती सासूला म्हणाली, ‘अम्मा, उठो.’ अम्मा म्हणाली, ‘वो बोला ना, खुलेगा.’ फुलवंती म्हणाली, ‘वो बोला है. इस पर लिखा है, और जिसने लिखा उसका नाम भी लिखा है.’ आणि मग ही पोरगी, जिला वर्गात मोठ्यानं वाच म्हटलं तर पदर तोंडात धरायची, ती त्या बसलेल्या माणसांकडे वळली आणि सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. एकदा हिंदीत. एकदा गोंडीत.

सगळे उठले, मंडळी. दहा-पंधरा माणसं, लेकरं कडेवर, तिच्या मागं मागं शाळेपर्यंत चालत गेली. सर्वांना टोकन मिळालं. रानीचं प्रमाणपत्र झालं. चौकीदार तिथंच बसून राहिला म्हणे, फाटक राखत!

रानीला आता मशीन आहे. शाळेत जाते. आज आली आहे. पहिल्या रांगेत बसून माझ्या तोंडाकडे पाहून राह्यली. हौ बेटा, तुझंच सांगून राह्यलो.

आणि पुढच्या गुरुवारी वर्गाच्या दाराशी कोण उभं? बुधियाबाई. बाई म्हणाल्या, ‘या अम्मा, बसा.’ म्हातारी आत आली, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘मुझे पूरा नहीं सीखना. बस तारीख पढ़ना सिखा दो. बाकी मैं पूछ लूँगी.’ बाई हसल्या, इतक्या हसल्या की खाली बसल्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या जिंकल्या. मी साक्षीदार आहे.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

बाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी भेटायला गेलतो, ओळखीनं वेळेच्या आधीच. बोलायला त्रास होत होता. मी म्हटलं, बाई, बोलू नका. त्यांनी हातानं खूण केली, जवळ या. म्हणाल्या, ‘फुलवंती वर्ग घेऊन राह्यली का?’

मी म्हटलं, ‘हौ. दोन्ही दिवस. रविवारी सहा नव्या बाया आल्या.’

‘त्याईले काय शिकवलं?’

मी म्हटलं, ‘ह्याच दवाखान्याची पाटी. भेटाले येण्याची वेळ. त्या साऱ्या खाली उभ्या आहेत, बाई. चारची वेळ आहे, वाचून आल्या. कोणाले इचारलं नाई.’

बाईंनी खिडकीकडे मान वळवली. चार वाजायला पाच मिनिटं होती. म्हणाल्या, ‘मंग येऊ द्या त्याईले. तुम्ही उठा, भाऊ, खुर्ची रिकामी करा.’

मी उठलो. आता तुम्हीही उठा, मंडळी. लेकरांना जवळ घ्या. थोडा वेळ कोणी काही बोलू नये, मीही बोलणार नाही, आणि माझ्यासारख्या माणसासाठी हे किती मोठं आहे ते बाईंना कळेल.

इंदूबाई, तुमच्या बाया पोचल्या. हा शामराव तुम्हाले हात जोडून उभा आहे.